आधी सावली मोजावी

मे महिन्यात आम्ही पुण्यातल्या नव्या घरात राहायला आलो. घरामागे उत्तरेच्या अंगाला, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये 12 फूट रुंदीची पट्टी मोकळी होती आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर रखरखीत ऊन. भाजीला ऊन लागतं एवढं मला ठाऊक होतं. वहीत आराखडा काढला. इथे टोमॅटो, तिथे वांगी, कोपऱ्यात लिंबू. खड्डे घ्यायला आलेले माळीमामा कुदळीवर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, थंडीत इथं ऊन येतंय का बघितलंय का?" थंडीतलं मी काय बघणार, आम्हाला येऊन तीन आठवडे झाले होते! "मामा, एवढं ऊन आहे हो," म्हणून त्यांना कामाला लावलं. दसऱ्याच्या सुमारास त्या पट्टीतून ऊन गेलं ते महाशिवरात्रीला परतलं. टोमॅटोची रोपं उंच, फिकट झाली आणि फुलं न धरताच बसली. लिंबाचं झाड अजून आहे. आजवर त्यानं दिलेली सगळी लिंबं सरबताच्या एका जगात मावतील.

चूक मातीची नव्हती, रोपांचीही नव्हती. मी तीन आठवड्यांचं ऊन बघून बारा महिन्यांची बाग आखली होती. घरची बाग आखताना होणाऱ्या बऱ्याच चुका याच जातीच्या असतात, म्हणून उन्हापासून सुरुवात करू.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या आसपास इथे भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर असतो. त्या दिवशी 10 फूट उंच वस्तूची सावली उत्तरेला 9 फूट पडते. आमचं दोन मजली घर गच्चीच्या कठड्यापर्यंत 22 फूट, म्हणजे सावली जवळपास 20 फूट. पट्टी 12 फुटांची. तिच्या पलीकडचं कंपाउंड आणि शेजाऱ्यांचं अंगणही आमच्या घराच्या सावलीत. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली साडेसात फुटांवर येते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हेच ते शून्य सावलीचे दिवस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो चक्क आपल्या उत्तरेला असतो आणि दुपारी घराची सावली दक्षिणेकडे, फूट-दोन फूट, पडते. मी पाहिलेलं ऊन हे होतं. नागपूरकडे डिसेंबरची सावली उंचीइतकीच लांब पडते, पणजीला पुण्यापेक्षा थोडी आखूड. नियम तोच.

तेव्हा आराखडा काढण्याआधी घराच्या नकाशाच्या दोन-तीन प्रती काढाव्यात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक रविवार मोकळा ठेवून सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी चार वाजता सावलीची कड रांगोळीनं किंवा चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखावी आणि कागदावर उतरवावी. तेच मार्चमध्ये आणि मेमध्ये. तीन कागद एकावर एक ठेवले की अंगणाचे तुकडे आपोआप पडतात: बारमाही ऊन, फक्त उन्हाळ्या-पावसाळ्यात ऊन, आणि जवळजवळ सदा सावली. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, गुलाब यांना सहा तासांचं थेट ऊन हवं. पालक, मेथी, कोथिंबीर चार तासांवर भागवतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार जमिनीच्या चौरस फुटांपेक्षा पानांवर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडत असत. तो हिशेब गच्चीवरच्या टोपल्यांना जितका लागू, तितकाच अंगणाला.

यात एक गंमत लपलेली आहे, ती मला फार उशिरा दिसली. दक्षिणेची बाजू उन्हाची, म्हणून लोक दक्षिणेच्या कंपाउंडला चिकटून वाफे करतात. पण कंपाउंडची 5 फुटांची भिंत डिसेंबरात आतल्या बाजूला साडेचार फूट सावली टाकते. म्हणजे मेथी-पालकाच्या ऐन हंगामात तो वाफा अंधारात आणि घराच्या भिंतीलगतची जमीन उन्हात. मग वाफा भिंतीलाच टेकवावा म्हटलं, तर रोजच्या पाण्यानं जोत्याला ओल धरते आणि आतल्या खोलीचा रंग पोपडे टाकू लागतो. आमच्याकडे दक्षिणेला 10 फूट जागा आहे. तिची वाटणी अशी केली: घरालगत 2 फूट खडीची कोरडी पट्टी, तीच चालायची वाट, पुढे साडेतीन फुटांचा भाजीचा वाफा, आणि उरलेल्या सावलीच्या पट्ट्यात पुदिना आणि पाइपचं वेटोळं. रुंदी साडेतीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. भिंतीला लागून एकाच बाजूनं हात घालायचा असेल तर 2 फुटांवर थांबावं.

आणि मागची ती उत्तरेची पट्टी? तिथे आता हळद असते. हळदीचे कंद मे-जूनमध्ये लावतात, पावसाळ्यात पानं माजतात, थंडीत पिवळी पडतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. ऊन जेव्हा असतं तेव्हाच तिला ते हवं असतं. अळूलाही ती जागा मानवते. सासूबाईंनी कडेला लावलेली नागवेल तर भिंत धरून वर गेली आहे.

पश्चिमेचं प्रकरण वेगळं. एप्रिलमधलं चार वाजताचं ऊन भिंत तापवतं आणि ती भिंत रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. तिथे झाड हवंच, पण कुठलं? विलायती पुस्तकं सांगतात, पानगळीचं झाड लावा, थंडीत ऊन येईल आणि उन्हाळ्यात सावली. आपल्याकडे हा सल्ला उलटा पडतो. गुलमोहर मार्च-एप्रिलात उघडाबोडका असतो. देवचाफ्याच्या नुसत्या फांद्या दिसत असतात. सावलीची खरी निकड तेव्हाच. कडुनिंबाला आणि करंजाला चैत्रात नवी पालवी फुटते. करंजाची सावली तर एप्रिलमध्ये अंगावर पांघरावी अशी दाट. पण दोघं मोठे वृक्ष, त्यांना तेवढं अंगण हवं. लहान जागेत बकुळ उत्तम. पानगळ नाही, सावली गडद, वाढ संथ. तेवढा धीर नसेल तर भिंतीपासून 2 फुटांवर मांडव घालून त्यावर जाई चढवावी. भिंतीवर थेट वेल सोडू नये, रंगकाम निघालं की सगळा वेल खाली उतरवावा लागतो.

आता माती. नव्या घराच्या अंगणात वरची सहा इंच माती काळीभोर दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. बांधकाम संपताना ठेकेदार उरलेला राडारोडा पसरतो आणि त्यावर एक ट्रॉली माती ओढून अंगण 'तयार' करून देतो. दीड फूट खणलं की विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, टाइल्सच्या कपच्या निघतात. सिमेंट आणि चुन्यानं माती विम्ल होते आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. लिंबाची, मोगऱ्याची, अनंताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजावं. त्यावर लोक युरिया टाकतात. उपयोग होत नाही, कारण भूक नत्राची नसते. राडारोडा उपसून काढणं हाच उपाय आणि तो झाडं लावायच्या आधीच करावा लागतो. बागेच्या खर्चात ही मजुरी कोणी धरत नाही. मी तर म्हणेन, रोपांचे निम्मे पैसे इकडे वळवावेत.

त्याहून मोठी चूक लाल मातीची. काळ्या चिकण मातीत खड्डा घ्यायचा, त्यात विकतची भुसभुशीत लाल माती आणि शेणखत भरायचं आणि रोप लावायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत. दिसायला फार योग्य दिसते. पण पावसाळ्यात काय होतं बघा. भुसभुशीत मातीत पाणी झपाट्यानं शिरतं आणि खड्ड्याच्या चिकण कडांशी येऊन अडतं. खड्ड्याचा हौद होतो. मुळं आठवडाभर पाण्यात बुडून राहतात, हवेविना कुजतात. वरून पानं मात्र सुकल्यासारखी मान टाकतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. पपई आणि लिंबू असे हमखास जातात.

याची परीक्षा सोपी आहे. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरावा. ते जिरलं की पुन्हा भरावा आणि घड्याळ लावावं. दुसरं पाणी तीन-चार तासांत गेलं तर निर्धास्त राहावं. रात्रभर साचून राहिलं तर खाली जाण्याऐवजी वर यावं, म्हणजे गादीवाफे करावेत. आहे त्याच मातीत शेणखत आणि पालापाचोळा मिसळून फूटभर उंच वरंबा किंवा ढीग करावा आणि झाड त्यावर लावावं. शेणखत मात्र चांगलं कुजलेलं हवं. कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं कुरतडतात. कुजलेलं खत हातात चुरगाळलं तर शेणाचा वास येत नाही, पावसातल्या मातीचा येतो.

पाण्याची गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बागा इथेच सोडून दिल्या जातात.

पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटरची एक जोरदार सर आली की 2300 लिटर पाणी खाली येतं. पन्हाळीचे पाइप ते सगळं एका-दोन कोपऱ्यांत ओततात आणि बाग आखताना नेमका तोच कोपरा गुलाबासाठी निवडलेला असतो. म्हणून पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभं राहावं. पाणी कुठून धावतं, कुठे थबकतं, गेटपाशी तळं होतं का, हे अर्ध्या तासात कळतं; कागदावर कधीच कळत नाही. जमिनीचा उतार घरापासून बाहेर असावा, 10 फुटांत सव्वा ते दीड इंच पुरे. अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना माझं काही सांगणं नाही. त्यांनी बागेचा नव्हे, पार्किंगचा लेख वाचावा.

दुसरी बाजू उन्हाळ्याची. 'थोडं लॉन हवंच' असं घरातलं कोणीतरी म्हणतं. 500 चौरस फूट म्हणजे 46 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये हिरवळ राखायला दिवसाला 5 मिलिमीटर तरी द्यावं लागतं. म्हणजे रोज 230 लिटर, तीन महिन्यांत 21000 लिटर. 10000 लिटरचे दोन टँकर आणि वर थोडं. ज्या सोसायट्यांत मार्चपासून पिण्यालाच टँकर येतो, तिथे हे गणित आधी मांडावं आणि मग लॉनवर बसून चहा पिण्याची स्वप्नं बघावीत. पोरांना लोळायला 100 चौरस फूट पुरतात, तीही सकाळचं ऊन येणाऱ्या जागी.

मी पहिल्या वर्षी तहानेल्या आणि बिनतहानेल्या झाडांची सरमिसळ केली होती. कोरफड आणि कर्दळ शेजारीशेजारी. एकीला पाणी घातलं की दुसरी सडे, तोडलं की पहिली सुके. जुन्या वाड्यांतल्या बायका हा घोळ करत नसत. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू, केळ, कर्दळ. तुळस स्वयंपाकघराच्या दारात, तांदूळ धुतलेलं पाणी हाताशी. आणि शेवगा दूर, कुंपणाला, ज्याच्याकडे उन्हाळ्यात कोणी बघत नसे. पाण्याच्या तहानेनुसार गट पाडले तर ठिबकही सोपं जातं. 16 मिलिमीटरची नळी, तासाला 4 लिटरचे ड्रीपर आणि प्रत्येक गटाला वेगळी तोटी. एकाच तोटीवर सगळी बाग जोडली की ठिबक लावूनही तीच सरमिसळ. नळ किमान दोन ठिकाणी हवा. पाइप जिथवर ओढत न्यावा लागतो तिथल्या झाडांना मे महिन्यात पाणी मिळत नाही, आपण कितीही हौशी असलो तरी.

आळं करण्यातही एक खोच आहे. खोडाभोवती ताटलीसारखं आळं करून त्यात पाणी भरलं की खोडाचा बुंधा सतत ओला राहतो. लिंबू-संत्र्याच्या जातीला याचा त्रास फार. बुंध्यापाशी साल फुटून डिंक वाहू लागतो, शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. म्हणून दुहेरी आळं करायचं. खोडाला मातीची भर आणि तिच्या बाहेर पाण्याची गोल चर. झाड वाढतं तशी चर बाहेर सरकवायची, कारण पाणी पिणारी बारीक मुळं खोडापाशी नसतात, फांद्यांच्या टोकांखाली असतात. उरलेल्या उघड्या मातीवर तीन-चार इंच पालापाचोळा. अंगण झाडून तो जाळणारी माणसं पाहिली की माझा जीव कळवळतो. झाडानं स्वतःसाठी आणलेली शिदोरी आपण पेटवून देतो आणि मग बाजारातून खताची पिशवी आणतो.

झाडांच्या अंतराबद्दल सगळेच फसतात, कारण रोपवाटिकेतलं कलम दीड हाताचं असतं. आंब्यासाठी पारंपरिक शिफारस 10 बाय 10 मीटरची. 10 मीटर म्हणजे 33 फूट आणि 33 बाय 33 फूट म्हणजे बरोबर एक गुंठा. ज्यांचा सबंध प्लॉटच दोन गुंठ्यांचा, तेही कंपाउंडपासून 3 फुटांवर हापूस लावतात. छाटणी करून आंबा लहान ठेवता येतो, हल्ली बागायतदार 5 मीटरवरही लावतात. पण मग दरवर्षी फळं उतरली की कात्री चालवायची तयारी हवी. कंपाउंडपासून 3 फुटांवर लावलेल्या झाडाचे अर्धे आंबे शेजारच्यांचे आणि सगळा कचराही शेजारच्यांचाच. पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेजची वाहिनी यांच्या जवळपास रबर, वड, उंबर, फायकस यांपैकी काहीही नको, ही मुळं ओलावा हुंगत जातात. आणि नको झालं तर तोडू, हाही विचार नको. शहरांत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आपल्याच अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ते योग्यच आहे. फक्त लावण्यापूर्वी लक्षात असावं.

कलम लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटणारा प्रत्येक फुटवा लगेच खुडला पाहिजे. 'आमच्या गुलाबाला आता फुलंच येत नाहीत, पण झाड काय माजलंय!' असं कोणी म्हणालं की ओळखावं, मूळ कलम मेलंय आणि खालचा रानगुलाब राज्य करतोय.

रोपं विकत घेण्याविषयी थोडक्यात. जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथून परतताना हात रिकामे ठेवणं अवघड, हे मी अनुभवानं सांगते. पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स त्या वेळी ऐन बहरात असतात आणि मार्चच्या उन्हात मान टाकतात. हौस म्हणून कुंडीत जरूर लावावीत. पण बागेचा सांगाडा त्यांच्यावर बेतला तर वर्षातले नऊ महिने तिथे मोकळी माती दिसते. सांगाडा तगर, जास्वंद, कढीपत्ता, पारिजातक अशा टिकाऊ मंडळींचा करावा. कढीपत्त्याला मात्र मुळांतून पिल्लं फुटतात, त्याला वाफ्याच्या मध्यावर बसवू नये.

आणि माणसांचा विचार. कपडे वाळत घालायची दोरी, कचऱ्याच्या खताचा पिंप, घमेलं-खुरपं ठेवायची जागा, गॅसवाल्याची ये-जा, हे आराखड्यात नसलं तर ते पुढे मोगऱ्याच्या डोक्यावर येऊन बसतं. दोन माणसं शेजारीशेजारी चालायची तर वाट 4 फूट हवी, एकट्यासाठी 2 पुरे. बसायची जागा सगळ्यात शेवटी उरलेल्या कोपऱ्यात टाकतात. मी म्हणेन, एक खुर्ची घेऊन आठवडाभर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणी बसून बघावं. आमची बसायची जागा गेटजवळ करायची ठरली होती, चार संध्याकाळी तिथे डास आणि रिक्षांचा धूर खाल्ल्यावर ती बकुळीखाली गेली.

पहिल्या पावसात माझे टोमॅटो मातीत जायच्या आधी माळीमामांनी एक तोडगा सुचवला होता. खताच्या रिकाम्या गोण्या आणा, त्यांत रोपं लावा, वर्षभर हलवत राहा. मला ते गबाळं वाटलं, नव्या घरासमोर गोण्या कसल्या! दुसऱ्या वर्षी मुकाट्यानं 12 गोण्या आणल्या. दर महिन्याला उन्हामागे सरकवत गेलो, कुठे ठेवल्या ते भिंतीवर खडूनं लिहीत गेलो. थंडीत त्यांतल्या तीन गोण्या दक्षिणेच्या खिडकीसमोर, घरापासून 3 फुटांवर येऊन स्थिरावल्या आणि फेब्रुवारीत त्यांच्यावर इतके टोमॅटो लागले की काठ्या बांधाव्या लागल्या. आजचा वाफा तिथेच आहे. खडूच्या खुणा पुढच्या रंगकामात पुसल्या गेल्या.